अठरा शेर

विचारलास म्हणून सांगतो, विरूपाक्ष.
गोकाकात तुझं टेबल सुरू होतंय,
तर देहबदलाचा प्रसंग पहिल्याच महिन्यात काढू नको.
आधी पोरांना आपापल्या अंगात मुरू दे.
कुणाचा गुडघा दुखतो, कोण अंधाराला भितो,
सवयीनं ठरू दे, फाशानं नाही.

मग एके रात्री खिंडीत तळं ठेव.
पाणी पिऊन मान वर केली की
एवढंच म्हण : शीट समोरच्याला द्या.
बळ, चपळाई, जखमा, पाठीवरचं सामान
अंगाबरोबर जातं.
शपथा, भीती, कुणाचं किती देणं
मनाबरोबर.
यावर वाद होतो. होऊ दे.
आमच्यात चहा दोनदा गार झाला.

आम्ही बसतो वडगावात,
संजोतच्या घरी, पॉवरलूमच्या वर.
फासा पडला तरी ऐकू येत नाही,
थांबल्यावरही तो थरथरत राहतो
खालच्या मागांबरोबर.
बाहुल्या मी ओततो, उद्यमबागेत, शिफ्ट सुटल्यावर,
उरल्यासुरल्या ॲल्युमिनियमच्या.
पद्मराजच्या तिरंदाजाचं धनुष्य
साच्यातच मोडलं.
तो म्हणाला, इरली. राहू दे.

एवढंच बोलतो तो.
शीट कानडीत लिहितो, मुंगीएवढं अक्षर,
आणि घडी घालून कोपराखाली ठेवतो.
त्याचा तिरंदाज कायम सगळ्यांच्या मागं.
वर्षभर चिडवलं आम्ही,
"बैलगाडीतनं येऊलास काय बे?"
तो सांगायचा, चार घरं.
मी चार धरायचो.

तर त्या रात्री सगळे पाणी प्याले.
रुद्रय्याची चेटकीण संजोतकडं गेली,
त्यानं आधी तिचे केस किती लांब ते विचारलं,
आणि आम्ही हसत बसलो,
लांडगे मागं आलेत हे मलाच आठवेना.
तिरंदाज तेजस्विनीला आला.
तिची चोरटी पद्मराजला, वाऱ्यासारखी,
तो दोन पाळ्यांत खिंडीच्या तोंडाशी.

ती म्हणाली, हे अंग का हलत नाही?
घडी उघडली, बोट ठेवून वाचायला लागली,
शाळेतली कानडी, अक्षराला अक्षर जोडत.
बाण बारा. दोरी. मीठ.
सु… त्ति… गे.
हातोडा.
अल्ताफचा.
अठरा शेर.

अल्ताफ सनदी गेल्या वर्षी बंगळूरला गेला, नोकरीला.
जाताना त्याच्या लोहाराला मी मारलं,
पूल पाडून. सोयीचं होतं.
हातोडा नदीत गेला असं मी धरलं.
पद्मराजनं तसं धरलं नव्हतं.
पाच महिने, एकोणीस बैठका,
वाळवंट, बर्फ, ते भुयार, जिथं त्याला
मागं सोडून जावं की नाही
यावर आम्ही त्याच्यासमोर मत घेतलं होतं.

टाक की गं तो, पळ, संजोत ओरडला.
नियमानं टाकता येतो. पाळीसुद्धा लागत नाही.
तेजस्विनीनं पद्मराजकडं बघितलं.
तो बाहुलीकडं बघत होता, मोडक्या धनुष्याकडं.
"ओझं असू दे," ती म्हणाली, आणि फासा टाकला.

तेवढ्यात लाईट गेली.
खालचे माग एकेक करत थांबले,
आणि वर्षात पहिल्यांदा आम्ही
फासा लाकडावरनं घरंगळताना ऐकला.
मोबाईलच्या उजेडात बघितलं, सात.
लांडग्यानं पोटरी फोडली.

इथं तू गप्प बस, विरूपाक्ष.
मला काहीतरी मोठं बोलायचा मोह झाला होता.
बरं झालं, रुद्रय्यानं शेंगा पुढं केल्या.

पहाटे अंगं परत मिळाली.
जखम अंगाबरोबर, म्हणजे पोटरी पद्मराजची.
मी बदलू म्हटलं, तर तो म्हणाला, नियम नियम.
शीटवर वजनाचा रकाना मोठा ठेव.
तो तू वाचत जा.

अल्ताफला अजून सांगितलं नाही.
फोन येतो त्याचा. पगाराचं, ट्रॅफिकचं बोलतो.

आणि जादा फासे आण.
एक तरी फळीच्या फटीतनं खाली पडतो,
मागात.